सेतुमामांचं ‘हळू’

कॅप्टन सेतुमाधव राव माणसांशी तमिळमध्ये बोलत, वायरलेसवर इंग्रजीत बोलत आणि जहाजांशी मराठीत. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ते मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि तेही नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात.

चेन्नईच्या उत्तरेला एक मालवाहू बंदर आहे, तिथे मी स्थापत्य अभियंता म्हणून रुजू झालो होतो. बंदर तसं मध्यमच. ओरगडमच्या कारखान्यांतून निघालेल्या नव्याकोऱ्या गाड्या, यंत्रांचे सुटे भाग, कापड, कोळसा असा माल तिथून ये-जा करायचा. पण येणारी जहाजं वर्षागणिक लांब होत चालली होती आणि बंदर होतं तेवढंच होतं. म्हणून विस्तार ठरला. लाटांना अडवणारा दगडी बांध समुद्रात आणखी पुढे न्यायचा, जहाजांच्या वाटेतला गाळ उपसून ती खोल करायची आणि एक नवा लांब धक्का बांधायचा. धक्क्याच्या कामावर माझी नेमणूक होती. “बंदर नकाशावर कळत नाही. एकदा जहाजावर बसून आत येऊन बघ,” असं म्हणून साहेबांनी मला पायलटच्या बोटीत बसवून दिलं.

बाहेरून आलेल्या जहाजाचा कप्तान कितीही मुरलेला असला तरी या बंदराची वाट, इथलं पाणी, इथला वारा त्याला ठाऊक नसतो. म्हणून बंदराचा पायलट लहान बोटीतून समुद्रात जातो, दोरीच्या शिडीनं जहाजावर चढतो आणि जहाज आत आणून धक्क्याला लावून देतो. सेतुमाधव राव हे आमच्या बंदराचे सर्वांत वरिष्ठ पायलट. उंच, खांद्यात जरासे वाकलेले, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि कपाळावर अंगाऱ्याची उभी काळी रेघ. ती शिडी ते असे चढले, जणू माळ्यावरचं लोणचं काढायला निघालेत. मी त्यांच्यामागून कसा चढलो ते सांगण्यासारखं नाही.

वर सुकाणूच्या खोलीत ते काचेशी जाऊन उभे राहिले. सुकाणूवरच्या परदेशी खलाशाला त्यांनी शांत आवाजात एकदोन हुकूम दिले. जहाज बांधाच्या तोंडाशी आलं. आणि मग पुटपुटल्यासारखा आवाज आला.

“ये गो बाई. हळू ये. कोण लागलंय तुझ्या मागें? हळू... तशी. शहाणी आहेस.”

मी दचकलोच. “सर, तुम्ही मराठी?”

त्यांनी काचेवरची नजरही हलवली नाही. “तारूं लागूं दे आधीं,” ते म्हणाले. “मग गोत विचार.”

तारू धक्क्याला लागलं, दोर बांधले गेले, तेव्हाच ते माझ्याकडे वळले. “कोणत्या गांवचा?”

“कऱ्हाडचा. पाटील.”

“पाटील! आणि गांव सोडून इकडे कशास आलास, तंबी?” तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ.

“नोकरीसाठी.”

“आम्हीही नोकरीसच आलों होतों,” ते म्हणाले. “तीनशें वर्षें झालीं. परत जायचं तेवढं राहून गेलं.”

तंजावरच्या मराठ्यांविषयी मी शाळेत दोन ओळी वाचल्या होत्या. त्या दोन ओळी अशा हातात वायरलेस घेऊन समोर उभ्या राहतील असं मात्र वाटलं नव्हतं. त्यांची मराठी माझ्या आजोबांच्या आजोबांनी बोलावी तशी होती, आणि तिला चाल तमिळची होती. ‘मला’ नाही, ‘मज’. ‘ठीक’ नाही, ‘सेरी’. घरात ही भाषा त्यांच्या आईपर्यंतच टिकली. त्यांच्या पत्नी पद्मामामी तमिळ घरातल्या, मुलगा ऑस्ट्रेलियात, त्याला समजायचं पण बोलता येत नसे. “आई गेली,” सेतुमामा एकदा सांगत होते, “मग बोलणार कोणाशीं? जहाज ऐकून घेतं. उलट उत्तर देत नाही.”

‘मामा’ हे नावही त्यांनीच सुचवलेलं. सुरुवातीला मी आपल्याकडच्या सवयीनं त्यांना काका म्हटलं. तसा आमचा बोटवाला तोंड फिरवून हसला. “काका म्हणूं नको रे बाबा,” ते म्हणाले, “इथें काका म्हणजे कावळा. मामा म्हण. मामाचा सगळीकडे मामाच होतो.”

मी अण्णा नगरला दोन मुलांबरोबर फ्लॅटमध्ये राहत होतो. दोघं आयटीतले, सदा पार्सलवर जगणारे. त्यामुळे रविवारी सेतुमामांच्या पश्चिम मांबलमच्या घरी जेवायला जाण्याची मी वाटच बघायचो. मामी सासूकडून शिकलेली आंबट भाजी आणि डांगर पचडी करायच्या. डांगर पचडी म्हणजे आमच्या घरचं डांगरच, फक्त प्रवासाला निघून तिथेच स्थायिक झालेलं. मामा जेवायलाही वेळ घेत. स्कूटर तर अशी चालवत की मागून सायकलवाले घंटी वाजवत पुढे जायचे. “समुद्रात हळू, रस्त्यात हळू, घरात हळू,” मामी मला तमिळमध्ये सांगायच्या. “आमचं लग्न ठरलं तेव्हा ‘हो’ म्हणायलासुद्धा यांनी एक पावसाळा घेतला.”

‘हळू’ हे मामांचं दैवत होतं. “हळू येणाऱ्या तारवास सगळें माफ असतें,” ते म्हणत. “वेगानें आलेला पाहुणा उंबऱ्यास ठेचाळतो.” नव्या पायलटना ते पहिल्या दिवशी हेच सांगत, शेवटच्या दिवशीही हेच.

त्यामागचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते शिकाऊ असताना, दुसऱ्याच एका बंदरात, एक जहाज जोरात आत आलं. पायलटनं ते उशिरा आवरलं. धक्क्यावर आदळताना एक दोर ताणून तुटला आणि खुंट्याशी उभ्या असलेल्या अरुमुगम नावाच्या माणसाचा पाय घेऊन गेला. “मी वर उभा होतों. मज काहीं करतां येत नव्हतें. दोर तुटल्याचा आवाज ऐकलास कधीं? ऐकूं नको.” बोलताना त्यांचा हात सारखा मनगटावरच्या घड्याळाकडे जात होता. त्यांच्या हाताखाली आलेल्या कुठल्याही जहाजानं धक्क्याला धसकन अंग लावलं नाही, याची साक्ष बंदरातला प्रत्येक माणूस देत असे.

त्यांच्या हाताखाली शिकून तयार झालेली एक पायलट होती, कॅप्टन सेल्वी. चेन्नईजवळच्या आवडी नावाच्या गावात, सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली, वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात. ती आमच्या बंदरात आली तेव्हा काही जणांनी कुरकुर केली होती. फुगलेल्या समुद्रात बाई दोरीच्या शिडीवर चढणार कशी, वगैरे. मामांनी त्यावर वाद घातला नाही. समुद्र चांगला फुगलेला असताना तिला बोटीत घेऊन गेले, शिडीखाली बोट लावली आणि म्हणाले, चढ. ती चढली. परत आल्यावर कुरकुरणाऱ्यांना त्यांनी एवढंच सांगितलं, “शिडीला बाई-बुवा कळत नाही. हात घट्ट आहे का, एवढंच ती विचारते.” सेल्वी त्यांना ‘सर’ म्हणे, आणि ते काही सांगू लागले की बसलेली असली तरी उठून उभी राही.

विस्ताराचं काम पुढे सरकू लागलं आणि मामांचं नि आमच्या प्रकल्पाचं फाटलं.

बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं की एवढं लांब जहाज आत आणता येणार नाही. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत इथे उत्तरेकडचा वारा सुटतो. तमिळमध्ये त्याला ‘वाडै’ म्हणतात. “ते जहाज म्हणजे तरंगती भिंत आहे,” मामा म्हणाले. “कंटेनरांचे मजले रचलेले. वारा त्या भिंतीला आडवा लागला की ती बांधावर जाऊन बसेल. धक्का आखूड करा. जहाजाच्या लांबीला मर्यादा घाला.”

धक्का आखूड करायचा तर आराखडा पुन्हा, परवानग्या पुन्हा. आणि मोठी जहाजं येणार नसतील तर एवढा गाळ उपसायचा तरी कशाला? पण सर्वांत वरिष्ठ पायलट नाही म्हणतो तेव्हा ते ओलांडून जाण्याची कोणाची छाती नव्हती. आमच्या संचालकांनी मधला मार्ग काढला. शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात सिम्युलेटर आहे, तिथे आपलं नवं बंदर जसंच्या तसं उभं करू. पायलटनी तिथे नवं जहाज चालवून बघावं. मग ठरवू.

ती खोली मी कधी विसरणार नाही. जमीन स्थिर असते, पण तिन्ही बाजूंच्या पडद्यांवर समुद्र असा हलतो की आपण नकळत काहीतरी धरायला जातो. मधोमध खरंखुरं सुकाणू, खरी यंत्रं. पडद्यावर आमचं बंदर होतं, अजून न बांधलेल्या माझ्या धक्क्यासकट.

पहिली पाळी मामांची. ते नेहमीसारखे काचेशी उभे राहिले आणि नेहमीसारखे हळू निघाले. बांधाचं तोंड जवळ आलं, त्यांनी वेग आणखी उतरवला. तसं ते लांबलचक जहाज वाऱ्यानं तिरकं होत गेलं. मामांनी ते सावरायचा प्रयत्न केला. पडद्यावर दगड मोठे मोठे होत गेले आणि सगळा पडदा लाल झाला. मामांनी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांनी वाट थोडी बदलली आणि जहाज बांधाच्या दुसऱ्या अंगावर जाऊन बसलं.

मामा रुमालानं कपाळ न पुसता, अंगारा सांभाळत, फक्त मानेवरचा घाम पुसत बाहेर आले. “पाहिलंत?” ते संचालकांना म्हणाले. “होत नाही.”

मग सेल्वी आत गेली. तिनं सुरुवातीलाच एक बलदंड टग, म्हणजे जहाजांना ओढणारी बोट, जहाजाच्या मागच्या टोकाला बांधून घेतली. आणि वेग वाढवला. माझ्या शेजारी मामा पुढे झुकले. “हळू,” ते पुटपुटले. “हळू गो, हळू...” सेल्वीला ते ऐकू गेलं असावं. तिनं एकदा मागे वळून पाहिलं. मग समोर पाहिलं, आणि वेग तसाच ठेवला. एवढ्या वेगात वाऱ्याला त्या भिंतीला ढकलायला सवड मिळाली नाही. बांधाचं तोंड दोन्ही बाजूंनी सरकन मागे गेलं, जहाज आतल्या शांत पाण्यात आलं, आणि मग मागच्या टगनं लगाम खेचावा तसं ते खेचून धरलं. थोड्या वेळानं ते धक्क्याशेजारी उभं होतं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे मामांकडे बघत होते.

“पुन्हा,” मामा म्हणाले. “वारा वाढवून.”

सेल्वीनं पुन्हा आणून दाखवलं.

परतताना मी आणि मामा एकाच गाडीत होतो. ते खिडकीतून कंटेनरच्या ट्रकांची रांग बघत बसले होते. मग म्हणाले, “पाटील तंबी, आज काय पाहिलंस?”

“सेल्वीनं टग आधी बांधून घेतली...”

“तें राहूं दे. मी काय पाहिलें तें सांगतों. मज वाटत होतें, मी बंदराची काळजी करतों आहें. खरें म्हणजे हें तारूं मज येत नाही, हें मज आधींच कळलें होतें. तें दुसऱ्यास कळूं नये, म्हणून धक्का आखूड करा म्हणालों. एका माणसाच्या लाजेपायीं तुझा धक्का तोकडा झाला असता, रे.”

पुढच्या बैठकीला मामा काहीतरी सबब सांगतील, सिम्युलेटरवर विश्वास नाही म्हणतील, असा सगळ्यांचा कयास होता. सबब तयारच होती, हवी तर दुसऱ्यांनीही पुरवली असती. मामा उभे राहिले. “माझी हरकत मी मागे घेतो,” ते म्हणाले. “जहाज येऊ शकतं. मला आणता येत नाही, हा जहाजाचा दोष नाही आणि धक्क्याचाही नाही.” मग दोनच अटी त्यांनी घातल्या. टग तशा ताकदीच्या घ्याव्यात, आणि किती वाऱ्यापर्यंत जहाज आत आणायचं ती मर्यादा सेल्वीनं ठरवावी. “ठरली की मग त्या मर्यादेला कोणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही.”

संचालकांनी आनंदानं मान डोलावली. त्या क्षणी त्यांना कशालाही मान डोलवायची होती.

धक्का बांधून होईपर्यंतच्या काळात मामा प्रशिक्षण केंद्रात जात राहिले. शिकवायला सेल्वी. निवृत्ती जवळ आलेला माणूस सुकाणूपाशी उभा आणि मागून त्याचीच शिष्या सांगतेय, “वेग, सर. वेग!” सुरुवातीला तिला फार अवघडल्यासारखं व्हायचं. ‘कृपया’ म्हणायची, ‘जमलं तर’ म्हणायची. मामांनी तिला थांबवलं. “मी तुझ्यावर ओरडलो होतो की नाही? मग? ऋण ठेवू नको.” त्यानंतर ती मोकळेपणानं ओरडू लागली. मामी घरी मला म्हणाल्या, “शिकू देत. फक्त स्कूटरवर प्रयोग करू नका म्हणावं.”

शेवटी त्यांना ते जमलं. लांब जहाज त्यांनी पडद्यावरच्या धक्क्याला सुखरूप लावलं. आम्ही अभिनंदन करायला गेलो तर मान हलवत बसले होते. “हात शिकले, तंबी. मन अजून हळू म्हणतें. हात मनास विचारायला गेले कीं तेवढ्यांत वारा काम करून जातो.”

म्हणूनच नव्या धक्क्याला पहिलं मोठं जहाज लागायची वेळ आली, तेव्हा ते म्हणाले, सेल्वी आणील. संचालकांना ते पटेना. मंत्री येणार, वर्तमानपत्रवाले येणार, सर्वांत वरिष्ठ पायलटच हवा. मामा म्हणाले, “माळ घालायची असेल तर मी उभा राहतो. जहाज ती आणील.”

त्या दिवशी धक्क्यावर मोठा मांडव पडला होता. नादस्वरम, केळीचे खांब, खुर्च्यांना पांढरी कापडं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. आणि सकाळपासून वाडै सुटलेला. आधी खुर्च्यांची कापडं हलू लागली, मग मांडवाच्या कनाती फडफडू लागल्या, मग केळीचा एक खांब सोंडेसारखा वाकून मंत्र्यांच्या माणसाच्या डोक्यावर आला. दूर समुद्रात ते जहाज दिसत होतं, रंगीत चाळीसारखं. सेल्वी त्याच्यावर चढून बराच वेळ झाला होता.

वायरलेसवर तिचा आवाज आला. “वारा मर्यादेच्या वर आहे. मी बाहेरच थांबते.”

संचालकांचा चेहरा उतरला. मंत्री घड्याळ बघत होते. “किती वर आहे?” संचालकांनी विचारलं. तिनं सांगितलं. थोडाच वर होता. संचालक मामांकडे आले, वायरलेस त्यांच्या हातात दिला आणि खालच्या आवाजात म्हणाले, “कॅप्टन, तुमचं ती ऐकेल. एवढ्याशा वाऱ्यानं काय होतंय? सांगा तिला.”

मी मागेच उभा होतो. मामांनी वायरलेस तोंडाशी नेला.

“सेल्वी, मी सेतुमाधव राव.”

“सांगा, सर.” आवाज ताठ होता. ती नक्की उठून उभी राहिली असणार असं मला वाटलं, जरी ती मुळात उभीच होती.

“चहा घेतलास का?”

जरा वेळ नुसती खरखर. “नाही, सर.”

“घे. जहाजाच्या कप्तानाला सांग, चांगला करून देईल. घाई नाही.”

आणि त्यांनी वायरलेस संचालकांच्या हातात परत दिला.

“मी तुम्हाला काय सांगायला सांगितलं होतं?” संचालक लाल झाले होते.

“जहाजावर पायलट एकच असतो, साहेब,” मामा शांतपणे म्हणाले. “दुसरा धक्क्यावरून बोलू लागला की जहाज दोघांचंही ऐकत नाही.”

मंत्र्यांनी शहाळं घेतलं, रिकाम्या पाण्याकडे हात करून भाषण केलं, फीत कापली आणि ते निघून गेले. संचालक मामांशी त्या दिवशी पुन्हा बोलले नाहीत. मामांनी आपल्या वाटचा लाडू खाल्ला, मामीसाठी एक रुमालात बांधून घेतला आणि ते घरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला होता. वाजंत्री नव्हती, खुर्च्याही नव्हत्या. क्रेनवाले, दोर बांधणारे, कॅन्टीनमधली माणसं आणि आम्ही काही जण, एवढेच. मामा आदल्या दिवशीच्याच शर्टात धक्क्याच्या टोकाला उभे होते. जहाज बांधाच्या तोंडाशी आलं तेव्हा त्याचा वेग बघून मीच एक पाऊल मागे सरकलो. मी मामांकडे पाहिलं. दोन्ही मुठी आवळलेल्या, ओठ मिटलेले. ‘हळू’ हा शब्द त्यांच्या घशाशी आलेला मला दिसत होता. त्यांनी तो गिळला. जहाज आत आलं, टगनं मागे खेचलं, आणि माझ्या धक्क्याला त्या अवाढव्य भिंतीनं असा स्पर्श केला की खालच्या रबराच्या गाद्यांनी फक्त एक सुस्कारा सोडला.

दोर बांधले गेले. मामांची नजर दोर बांधणाऱ्या माणसांवर होती. शेवटचा माणूस खुंट्यापासून बाजूला झाला, तेव्हाच त्यांच्या मुठी सुटल्या.

सेल्वी खाली आली ती थेट त्यांच्यासमोर. “कसं झालं, सर?”

मामांनी जरा विचार केल्यासारखं केलं. “बांधाच्या तोंडाशी थोडा अजून वेग चालला असता,” ते म्हणाले.

सेल्वी आधी हसली आणि मग तिनं तोंडावर हात धरून डोळे पुसले. आम्ही दुसरीकडे बघू लागलो.

पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. संचालकांनी निरोपाचं भाषण स्वतः केलं, मनापासून केलं. तोवर कितीतरी लांब जहाजं आली-गेली होती, आणि वारा बघून ती बाहेर थांबली तर कोणी विचारतही नव्हतं. मीही काही काळानं कोकणातल्या एका बंदराच्या कामावर निघून आलो. मामा गेल्याचं सेल्वीनंच मला फोनवर सांगितलं. झोपेतच गेले, म्हणाली. मामी म्हणत होत्या, एवढी एकच गोष्ट यांनी वेगात केली.

पण मला त्यांची आठवण येते ती आमच्या शेवटच्या भेटीतली. निवृत्तीनंतर प्रशिक्षण केंद्रानं त्यांना शिकवायला बोलावलं होतं. चेन्नई सोडायच्या आधी मी निरोप घ्यायला तिथे गेलो. सिम्युलेटरच्या खोलीत नवे पायलट रांगेनं बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे, चुकायच्या भीतीनं कडक झालेले. मामांनी मला मागे बसायची खूण केली. त्यांची पद्धत मला सेल्वीनं सांगितली होती. पहिली खेप नेहमी ते स्वतः करत. वारा सोसाट्याचा घ्यायचा, जहाज सगळ्यांत लांब घ्यायचं आणि सर्वांदेखत ते बांधावर आपटायचं. मुद्दाम नाही. जीव तोडून चालवायचं, आणि तरीही आपटायचं. मग वळून विचारायचं, माझं काय चुकलं?

त्या दिवशी ते सुकाणूपाशी गेले. जहाज निघालं. बांधाचं तोंड आलं, गेलं. टगनं मागे ओढलं. जहाज धक्क्याला लोण्यात सुरी जावी तसं जाऊन लागलं. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

मामांचा चेहरा पडला. माझ्याकडे बघून ते मराठीत म्हणाले, “झालें! आतां शिकवूं काय यांस?”

मग यंत्राशी बसलेल्या माणसाला त्यांनी सांगितलं, “वारा वाढव.”

त्यानं वाढवला. मामांनी पुन्हा जहाज आणलं. तेही लागलं. यावेळी टाळ्या कमी झाल्या. मुलं पुन्हा खुर्च्यांत आखडून बसली. असल्या माणसासमोर आपलं काय होणार, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

“अजून वाढव.”

“सर, एवढ्या वाऱ्यात बंदर बंद असतं.”

“तू वाढव.”

पडद्यावरचा समुद्र पांढरा झाला. मामा पुढे सरसावले, पाय फाकून उभे राहिले आणि त्यांनी जहाज बांधाच्या तोंडात घातलं. ते भांडले त्याच्याशी. शर्ट पाठीला चिकटला. एक क्षण असं वाटलं की हेही निघेल. मग ती भिंत सावकाश तिरकी झाली, दगड मोठे मोठे होत आले आणि खोलीभर लाल उजेड पसरला.

मामा वळले. आनंदानं त्यांचा चेहरा फुलून गेला होता.

“पाहिलंत? कोणी मेलं नाही. बंदर आहे तिथेच आहे,” ते म्हणाले. “आता सांगा. माझं काय चुकलं?”

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं बिचकत हात वर केला. तिच्या शेजाऱ्यानं केला. आणि बघता बघता सगळी खोली एकदम बोलू लागली.